पलटे येतात, अभंग येत नाही

"मॅडम, रोज तासभर पलटे करायचे, म्हणजे तेच ठरावीक स्वर किंवा बोल उलटसुलट घोटत बसायचं. त्यानं खरंच काही होतं का?" तबला शिकणाऱ्या मुलांच्या आया हे विचारतात, निवृत्तीनंतर बासरी हातात घेतलेले काका विचारतात. गुरुजींना विचारायचा धीर होत नाही, मग प्रश्न माझ्याकडे, समुपदेशकाकडे, येतो. त्यातल्या एका बाईंची ही गोष्ट, ओळख पटू नये एवढे तपशील बदलून.

पन्नाशीच्या. पेटी शिकायला लागून अडीच वर्षं झालेली. सारेग, रेगम, गमप दुगुनीत, म्हणजे दुप्पट लयीत, अगदी स्वच्छ. पण सोसायटीच्या भजनी मंडळात भीमपलास रागातला अभंग सुरू झाला की बोटं थिजायची. "माझ्या हातातच नाही ते," म्हणाल्या. क्लास सोडायचं ठरवूनच आल्या होत्या.

लहानपणी चार वर्षं पेटी शिकून मी सोडून दिलेली. ती त्या दिवशी कामी आली.

"घरी सा कुठला धरता?"

"पांढरी एक."

"आणि मंडळात?"

"काळी चार."

पेटीच्या पांढऱ्या आणि काळ्या पट्ट्या अशा क्रमांकाने ओळखतात; सा बदलला की बाकीच्या स्वरांच्या पट्ट्याही बदलतात. त्यांना टेबलावरच बोटं ठेवायला लावली. पांढरी एकच्या शुद्ध सप्तकात काळी पट्टी एकही लागत नाही. काळी चारमधून भीमपलासाचं नि सा ग म प म्हणजे काळी तीन, काळी चार, पांढरी सात, काळी एक, काळी दोन. पाचांत पांढरी एकच! त्यात आरोहात रे आणि ध वर्ज्य, म्हणजे शेजारच्या स्वरावर सरकायला शिकलेल्या बोटांनी उड्या मारायच्या. हा रस्ता त्या बोटांनी पाहिलेलाच नव्हता.

तेव्हा पलट्यांचा उपयोग होतो. ज्याचा सराव केला, तेवढ्याचाच होतो. मानसशास्त्रज्ञ अँडर्स एरिकसन यांनी १९९३ साली बर्लिनच्या व्हायोलिन विद्यार्थ्यांवरचा अभ्यास मांडला. लोकांनी त्यातला सरावाच्या तासांचा आकडा तेवढा उचलला. त्यांचा भर होता नेमक्या कच्च्या जागेवर. म्हणून अडलेल्या चार स्वरांचाच पलटा करा, मंडळाच्या पट्टीत, सावकाश. आणि त्याच दिवशी तो अभंगात परत नेऊन ठेवा, उद्यावर टाकू नका.

"गुरुजींनी हे सांगितलं नव्हतं?" मी विचारलं.

"सांगितलं होतं. सहा महिन्यांपूर्वीच."

"मग?"

बराच वेळ त्या पदराचं टोक गुंडाळत राहिल्या. मी बोलले नाही. (गप्प राहणं मला आता जमतं, सुरुवातीची काही वर्षं जमत नसे.)

"पलटा चुकला तर कुणाला कळत नाही हो. अभंग चुकला की पंधरा जणी वळून बघतात. चुकताच कामा नये ना."

मी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या विचारांवर वाढलेली. 'असंच झालं पाहिजे' हा हट्टच माणसाला छळतो, असं ते म्हणत. मराठीतला हा 'च' ऐकला की माझे कान टवकारतात. अडीच वर्षं त्या पलट्यांच्या आड लपल्या होत्या, आणि त्यांना वाटत होतं आपण तयारी करतोय. मेहनती माणसाचं लपणं असंच असतं, बाहेरून शिस्तीसारखं दिसतं.

काम एवढंच दिलं: येत्या गुरुवारी अख्खा अभंग नुसते सा आणि प हे दोन स्वर धरून वाजवायचा. चालीतले स्वर काढायला जायचं नाही. आणि वळून बघणाऱ्या मोजायच्या.

पुढच्या भेटीत खुर्चीत बसण्याआधीच म्हणाल्या, "दोघी."

"काय म्हणाल्या?"

"एक म्हणाली, आज सूर छान भरला. दुसरी घड्याळ बघत होती. ते माझ्याच मागच्या भिंतीवर आहे."