डाय आणि एक सही

ठाण्यात नौपाड्यातल्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत मधुमेही मंडळी येतात ती झोप लागत नाही म्हणून. पण अर्ध्या तासात गाडी तिथेच येते: "डोळ्यांच्या डॉक्टरांनी डाय टाकून फोटो काढायला सांगितलाय. किडनी जाईल का हो, मॅडम?" इतक्यांदा ऐकलंय, की आता लिहूनच टाकते. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत.)

काका सत्तरीचे. क्रिएटिनिन (किडनीचं काम दाखवणारा रक्तातला आकडा) १.८, म्हणजे वाढलेलं; डोळ्याच्या पडद्याला सूज. तपासणीची तारीख दोनदा पुढे ढकललेली. मांडीवर फाइलची पिशवी, तिला दुहेरी गाठ.

मी डॉक्टर नाही, पण रेटिनावाल्यांना विचारून ठेवलेलं सगळं सांगितलं. किडनीच्या संदर्भात ज्याची धास्ती असते तो डाय आयोडीनचा. हृदयाच्या अँजिओग्राफीत, सीटी स्कॅनमध्ये देतात तो. डोळ्यांसाठी बहुतेकदा फ्लोरेसीन असतं, शिरेतून देतात तो पिवळा रंग. त्यात आयोडीन नसतं, डोस साधारण ५०० मिलिग्रॅम. ते लघवीवाटे बाहेर पडतं, किडनी कमकुवत असेल तर जरा रेंगाळतं, म्हणून डायलिसिसवर असणाऱ्यांना डॉक्टर डोस कमी करू शकतात. त्रास म्हणजे मळमळ, क्वचित अ‍ॅलर्जी. ती मात्र गंभीर होऊ शकते, म्हणून पूर्वीची अ‍ॅलर्जी लपवायची नाही.

काकांनी मान डोलावली आणि तारीख तिसऱ्यांदा पुढे ढकलली.

माहिती देऊन भीती जाते, असं मलाही कधीकाळी वाटायचं. पुढच्या भेटीत मी फक्त विचारलं, "डाय म्हटलं की डोळ्यांसमोर काय येतं?"

बराच वेळ ते गाठीशी चाळा करत राहिले. मग म्हणाले, "पेन."

भावाची अँजिओग्राफी. नंतर क्रिएटिनिन चढलं, डायलिसिस लागलं. "फॉर्मवर सही माझी होती."

"तेव्हा डॉक्टर काय म्हणाले होते?"

"झटका मोठा आहे, थांबायला वेळ नाही."

"भाऊ पुढे किती वर्षं होता?"

"तीन. मुलीचं लग्न केलं त्याने. अक्षता टाकायला खुर्चीवरून उठून उभा राहिला होता." असं म्हणून ते थांबले. ही तीन वर्षं त्यांनी कधी जमेला धरलीच नव्हती. घटनेपेक्षा तिला चिकटवलेला अर्थ माणसाला जास्त छळतो, या माझ्या जुन्या मताला अशा वेळी बळ मिळतं. थोडा अभिमानही वाटतो, खोटं कशाला बोलू?

मग पिशवीची गाठ सुटली. रिपोर्टच्या पाठीमागे त्यांनीच प्रश्न लिहिले: डाय कुठला? माझं क्रिएटिनिन बघितलंत का? बिनडायच्या ओसीटीवर (पडद्याच्या स्कॅनवर) भागेल का? तुम्हीही हेच विचारा, आणि किडनीचे डॉक्टर असतील तर त्यांच्याही कानावर घाला.

ओसीटीवर भागलं नाही. तपासणीच्या संध्याकाळी फोन आला, "मॅडम, अंगाला हळद लागल्यासारखा दिसतोय! लघवी तर केशरी. उद्याच क्रिएटिनिन करून टाकू?"

"डॉक्टरांना विचारून तीन-चार दिवसांनी करा. डाय अंगात असताना रिपोर्ट चुकू शकतो."

"मग तोवर काय करू?"

"तलावपाळीला चक्कर मारा. गॉगल लावून."