चिअरलीडिंग फक्त मुलींचे कसे?

प्रश्न : माझ्या चौदा वर्षांच्या मुलाला चिअरलीडिंगच्या, म्हणजे सामन्यात घोषणा, नृत्य आणि कसरती करून खेळाडूंना प्रोत्साहन देणाऱ्या, संघात जायचे आहे. वर्गातील मुले त्याला ‘बायकी’ म्हणून चिडवतात आणि नातेवाईकही नको त्या शंका घेतात. त्याला परावृत्त करावे का?

उत्तर : मुळीच करू नये. १८९८ मध्ये अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात जॉनी कॅम्पबेल या विद्यार्थ्याने प्रेक्षकांसमोर उभे राहून घोषणांचे नेतृत्व केले, आणि त्यानंतर कित्येक वर्षे हे काम मुलगेच करत होते; मुली त्यात १९२० च्या दशकात आल्या आणि दुसऱ्या महायुद्धात तरुण मुले सैन्यात गेल्यावर त्यांची संख्या वाढली. पुढे राष्ट्राध्यक्ष झालेले आयझेनहॉवर आणि धाकटे जॉर्ज बुश हेही विद्यार्थिदशेत चिअरलीडर होते.

सहकाऱ्याला डोक्याच्या वर तोलून धरणे आणि उंच उडवून अचूक झेलणे यांसाठी ताकद, तोल आणि परस्परांवरचा पूर्ण विश्वास लागतो. मात्र मुलगा संघात केवळ उचलण्यासाठीच हवा, ही समजूतही तितकीच अन्यायकारक आहे. त्याला नृत्याची ओढ असेल, तर त्याने मनापासून नाचावे. आवडीनिवडीवरून कोणाचा लैंगिक कल ठरत नाही आणि तो कोणताही असला, तरी चिडवण्याचा अधिकार कोणालाही मिळत नाही, हे नातेवाइकांना त्याच्यादेखतच स्पष्ट सांगावे. चिडवणे थांबत नसेल, तर वर्गशिक्षकांशी बोलावे. प्रशिक्षकांना मात्र एक प्रश्न अवश्य विचारावा : सरावासाठी जाड गाद्या आणि झेलणाऱ्यांचे रीतसर प्रशिक्षण यांची व्यवस्था आहे का?