वर्गात समजतं, पण गणित सुटत नाही

अकरावीचे वर्ग जून-जुलैत सुरू होतात आणि दिवाळीच्या आसपास एकच तक्रार घेऊन मुलं माझ्याकडे समुपदेशनाला यायला लागतात. "मॅडम, सर शिकवतात तेव्हा सगळं समजतं. रूमवर येऊन डीपीपी, म्हणजे रोजच्या सरावाची गणितं, काढली की एकही न्युमरिकल सुटत नाही." तोवर वर्गात न्यूटनचे नियम, घर्षण, कार्य-ऊर्जा उरकून रोटेशन, म्हणजे फिरणाऱ्या वस्तूंची गती, सुरू झालेलं असतं. जेईई या इंजिनिअरिंगच्या प्रवेश परीक्षेसाठी लातूरला येऊन राहिलेल्या मुलांकडून मी हे इतक्या वेळा ऐकलंय, की त्यावर एकदा सविस्तर लिहायलाच हवं होतं.

वैष्णवीची गोष्ट सांगते. नाव आणि काही तपशील बदलले आहेत. वडील एसटीवर ड्रायव्हर, आई अंगणवाडी सेविका. पहिल्या दिवशी वडीलच घेऊन आले होते. "दहावीला 95 टक्के होते की हिला, मॅडम. आता फिजिक्सला शंभरात 11 पडले. रात्री फोनवर नुसती रडती. काय करावं कळंना."

वडील बाहेर जाऊन बसल्यावर मी तिला विचारलं, "गणित अडलं की मनात पहिलं काय येतं?"

"हेच, की मला तेवढं डोकंच नाही. गावात हुशार होते, इथं ते चालत नाही."

प्रसंग आपल्याला जेवढा छळतो त्याहून जास्त छळतो तो आपण त्या प्रसंगाला लावलेला अर्थ. मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या विवेकनिष्ठ विचारपद्धतीचा हा गाभा आहे आणि माझं सगळं काम त्यावर उभं आहे. पण या मुलांशी नुसता वाद घालून भागत नाही, हे मी अनुभवाने शिकले. "डोकं नाही" या वाक्याला त्यांच्याकडे दर रविवारच्या टेस्टचा पुरावा असतो. म्हणून मी आधी वही मागते. मानसशास्त्राकडे वळण्याआधी मी भौतिकशास्त्रात बीएस्सी केलं होतं, त्याचा इथे फार उपयोग होतो.

तिची वही देखणी होती. दोन रंगांची शाई, पट्टीने आखलेल्या आकृत्या, प्रत्येक गणिताचं उत्तर बरोबर. खाडाखोड मात्र कुठेच नव्हती. विचारल्यावर म्हणाली, "दोन मिनिटं बघते. सुचलं नाही की मोबाइलवर सोल्यूशन बघते. बघितलं की लगेच समजतं, मग उतरवून घेते."

सगळी मेख इथेच होती. शेकडो गणितं तिने सुटलेल्या अवस्थेत पाहिली होती. न सुटलेल्या गणितासमोर पेन हातात धरून बसण्याची सवय तिला लागलीच नव्हती. परीक्षेत मात्र नेमकं तिथेच बसावं लागतं. सोल्यूशन वाचताना होणारा "समजलं"चा आनंद खरा असतो, पण तो दुसऱ्याच्या हाताने सोडवलेल्या गणिताचा असतो.

मी कागदावर एक साधा ठोकळा काढला. वस्तुमान 2 किलो, घर्षणांक 0.5, गुरुत्व त्वरण जी 10 धर. ठोकळा स्थिर आहे, मी त्याला आडवं 4 न्यूटन बलाने ओढतेय. घर्षण किती?

तिने क्षणात लिहिलं, म्यू एन (घर्षणांक गुणिले पृष्ठभागाचा लंब दाब), 10 न्यूटन.

"बरं. पुढे 4, मागे 10. ठोकळा कुठे जाईल?"

ती कागदाकडे बघत राहिली. "मागे..." मग मान वर करून, "असं कसं होईल? मी पुढं ओढतेय ना!"

"मग?"

इथे मी गप्प बसते. या शांततेत मुलं चुळबुळ करतात, पेनचं टोपण उघडतात-मिटतात, माझ्या चेहऱ्यावर उत्तर शोधतात. आपल्याला वाईट वाटतं म्हणून ती शांतता मोडायची नाही. वैष्णवी बराच वेळ तशीच बसली. मग हळूच म्हणाली, "4च असेल. जेवढं ओढलं तेवढंच ते अडवणार. 10 ही त्याची शेवटची हद्द आहे."

"हे तुला कोणी सांगितलं?"

"कोणीच नाही."

सूत्र तिला पहिल्यापासून पाठ होतं. ते कधी लावायचं हा प्रश्न तिने सूत्राला कधी विचारला नव्हता, कारण प्रश्न पडणं हेच तिला कमीपणाचं लक्षण वाटत होतं.

पुढच्या भेटीत वर फेकलेला चेंडू आला. चेंडू सर्वोच्च बिंदूच्या वाटेवर आहे, त्याच्यावरची बलं दाखव. तिने खाली गुरुत्वाकर्षणाचा बाण काढला आणि वर एक मोठा बाण. मेकॅनिक्समधला हा सर्वांत हट्टी गैरसमज आहे, वर्गात पहिला येणाराही तो बाण काढतो.

"हा वरचा बाण कोणी लावला?"

"हातानं."

"हात आत्ता कुठे आहे?"

तिने बाण खोडला. वहीतली ती पहिली खाडाखोड. पण तिचं समाधान झालं नव्हतं. "मग कोणी ढकलत नसताना चेंडू वर जातोच कसा?" हा प्रश्न ऐकून मला मनापासून आनंद झाला. मी उत्तर दिलं नाही. म्हटलं, "बाबांना विचार. एसटीत ब्रेक मारल्यावर उभी माणसं पुढे जातात, त्यांना कोण ढकलतं?"

रविवारी तिने खरंच फोन केला. वडील म्हणाले, "कुणीच ढकलत नाही. गाडी थांबती, माणसं चालूच असतात." वैष्णवीने हे वाक्य मला जसंच्या तसं सांगितलं आणि म्हणाली, "मॅडम, बाबांना न्यूटनचा पहिला नियम माझ्याआधी येत होता." चेंडू चालूच असतो. गुरुत्वाकर्षण त्याचा वेग कमी करत आणतं, वर पोहोचल्यावर वेग क्षणभर शून्य होतो, त्वरण तेव्हाही खालीच असतं. हे सगळं तिने मला समजावून सांगितलं.

मग मी तिला थोडा इतिहास सांगितला. हलत्या वस्तूला सतत कोणीतरी ढकलायला हवं, असं इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात ॲरिस्टॉटल मानत होता. चौदाव्या शतकात पॅरिसला शिकवणारा जाँ ब्युरिदाँ म्हणत होता, की फेकणारा वस्तूत एक जोर भरतो आणि तो तिला पुढे नेतो. तुझा वरचा बाण साधारण तोच. मग गॅलिलिओ आला, आणि 1687 साली न्यूटनचा ग्रंथ छापला गेला तेव्हा हे नियम आज आपण शिकतो त्या रूपात मांडले गेले.

ती बोटांवर काहीतरी मोजत होती. "म्हणजे दोन हजार वर्षं लागली?"

"जवळजवळ."

"आणि मला चार महिन्यांत जमलं नाही म्हणून मी..." वाक्य तिने पुरं केलं नाही. मीही केलं नाही. "मला डोकं नाही" हे वाक्य त्यानंतर तिच्या तोंडून मी ऐकलेलं नाही.

माझ्या कामातली ही जागा मला सर्वांत प्रिय आहे. मेकॅनिक्स अवघड जातं याचं एक कारण असं, की मुलं कोऱ्या डोक्याने येतच नाहीत. चालताना, सायकल मारताना, हातगाडी ढकलताना शरीराने गतीचे स्वतःचे नियम बनवलेले असतात, आणि ते घर्षणाच्या जगात चालतातही. पुस्तक त्यांच्या विरुद्ध बोलतं, म्हणून गोंधळ उडतो. गोंधळ उडाला म्हणजे जुना नियम हलायला लागलाय. हे ज्याला उमगलं, तो गोंधळाला घाबरत नाही.

आता करायचं काय, ते सांगते. वैष्णवीला मी सोल्यूशन बंद करायला लावलं नाही, उशिरा उघडायला लावलं. गणितासमोर किमान पंधरा मिनिटं बसायचं. सुचत नसेल तर निदान एवढं लिहायचं, की मी कोणत्या वस्तूकडे बघतेय आणि तिच्यावर कोण कोण बल लावतंय. एफबीडीतल्या, म्हणजे एका वस्तूवरची बलं दाखवणाऱ्या आकृतीतल्या, प्रत्येक बाणाशेजारी तो लावणाऱ्याचं नाव: पृथ्वी, दोरी, पृष्ठभाग. नाव सापडलं नाही तर बाण खोडायचा. या एका सवयीने तिच्या निम्म्या चुका गेल्या. सोल्यूशन उघडलंच, तर आपण जिथे अडलो ती ओळ सापडेपर्यंतच वाचायचं, मग झाकून पुढचं स्वतः करायचं. आणि चुकलेलं गणित आठवड्याने कोऱ्या कागदावर पुन्हा.

मुलं आणखी एक घोटाळा करतात. जेईई मेनला तीन तासांत 75 प्रश्न असतात, म्हणजे एका प्रश्नाला सरासरी अडीच मिनिटंसुद्धा मिळत नाहीत. हाच हिशेब ती शिकतानाही लावतात आणि पहिल्या दिवसापासून घड्याळ लावून बसतात. शिकण्याचा वेळ वेगळा, परीक्षेचा वेगळा. शिकताना एका गणितावर तास गेला तरी तो वाया जात नाही. टेस्टमध्ये मात्र वाट दिसली नाही तर मुकाट पुढे जायचं, कारण बरोबर उत्तराला चार गुण मिळतात आणि चुकीच्या उत्तराला एक जातो. "बेस कच्चा राहिला, आता बारावी गेली" अशी धास्ती घेतलेल्यांनाही सांगते, की मेकॅनिक्स अकरावीत संपत नाही. चुंबकीय क्षेत्रात फिरणाऱ्या विद्युतभाराचं गणित म्हणजे अकरावीची वर्तुळाकार गतीच. मागचं दुरुस्त करायची संधी पुढच्या धड्यांत मिळत राहते.

वैष्णवी आता बारावीत आहे. फिजिक्सचे गुण वर-खाली होतात, रोटेशन अजून जड जातं. वही मात्र खाडाखोडीने भरलेली आहे.

पालकांसाठी थोडं. रविवारी टेस्टनंतर फोन करून "किती पडले?" हे पहिलं विचारू नका. वैष्णवीच्या वडिलांना मी सांगितलं होतं, "आज कोणतं गणित अडलं, मला सांग बरं," असं विचारा. त्यांना त्यातलं सगळं कळत नव्हतं, तरी ते ऐकून घेत. सांगता सांगता तिला स्वतःची अडलेली जागा सापडायची.

आणि मूल जेवेनासं झालं, कित्येक रात्री झोपत नसेल, मित्र-मैत्रिणींशी बोलणं तोडलं असेल, किंवा "मी नसते तर बरं झालं असतं" असं काही बोललं, तर ही अभ्यासाची अडचण राहिलेली नाही. त्याला एकटं ठेवू नका, वसतिगृहातून सरळ घरी आणा, मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा. टेली मानस ही सरकारी हेल्पलाइन 14416 या क्रमांकावर दिवसरात्र मोफत चालते आणि तिथे मराठीत बोलता येतं. कुणाला विचारावं हे सुचत नसेल, तर आधी तिथे फोन करा.