क्षयरोगाचे गणित इतके संथ का चालते?

प्रश्न : साथीच्या रोगांच्या गणिती प्रारूपात लाट चढते आणि काही महिन्यांत ओसरते, असे वाचनात आले. क्षयरोगावर तर खात्रीचे औषध आहे. मग सर्व रुग्णांवर उपचार झाले तरी हा रोग हटण्यास कित्येक दशके लागतील, असे गणित का सांगते?

उत्तर : आपण वाचलेले प्रारूप बहुधा केरमॅक आणि मॅकेंड्रिक यांनी १९२७ मध्ये मांडलेल्या पद्धतीचे असावे. त्यात संसर्ग होऊ शकणारे, संसर्ग पसरवणारे आणि त्यातून बाहेर पडलेले असे लोकसंख्येचे तीन गट असतात. क्षयरोगाला एवढे पुरत नाही, कारण जंतू शरीरात शिरणे आणि माणूस आजारी पडणे यांत काही महिन्यांचे अंतर असू शकते, तसेच चाळीस वर्षांचेही. म्हणूनच नॉर्वेचे हान्स वालर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६२ मध्ये क्षयरोगाचे प्रारूप मांडले, तेव्हा संसर्ग झालेल्या, पण आजारी नसलेल्या माणसांचा गट वेगळा ठेवला.

आता थोडा ढोबळ हिशेब करून पाहू. थुंकीत जंतू आढळणारा, उपचार न घेतलेला रुग्ण वर्षाला साधारण दहा जणांना संसर्ग देतो, असा जुना अंदाज आहे. संसर्ग झालेल्यांपैकी पाच ते दहा टक्के लोक आयुष्यात कधीतरी आजारी पडतात, आणि त्यांतले बहुतेक पहिल्या दोन वर्षांतच. रुग्ण दोन वर्षे उपचारांविना राहिला, तर वीस जणांना संसर्ग होईल आणि त्यांतून एक किंवा दोन नवे रुग्ण निर्माण होतील. हाच काळ सहा महिन्यांवर आला, तर संसर्ग पाच जणांना होईल आणि एका रुग्णामागे फार तर अर्धा नवा रुग्ण उरेल. हा आकडा एकाच्या खाली राहिला की रोग ओसरू लागतो. या साऱ्या गणितात मला सर्वांत मोलाची वाटते ती ही गोष्ट, कारण औषध तेच असूनही केवळ निदान लवकर झाल्याने रोगाची दिशा पालटते.

दिशा पालटली तरी वेग मात्र मंदच राहतो. जगातील सुमारे एक चतुर्थांश लोकांना कधी ना कधी हा संसर्ग झाला असल्याचा अंदाज आहे, आणि आजचे काही रुग्ण अनेक वर्षांपूर्वी झालेल्या संसर्गातून आलेले असतात. आज प्रसार पूर्णपणे थांबला तरी ते येतच राहतील. (संसर्ग झाला का हे पाहणाऱ्या चाचणीतून शरीराची जुनी प्रतिक्रियाच कळते, जिवंत जंतू उरले आहेत की नाही हे कळत नाही, त्यामुळे या गटातील प्रत्येकाला धोका आहे, असे मानू नये.) रुग्णाच्या सहवासात नुकताच संसर्ग झालेल्यांना प्रतिबंधात्मक उपचार देण्यावर प्रारूपे भर देतात, ते याच कारणाने.

आपल्या प्रश्नातील ‘सर्व रुग्णांवर उपचार’ या शब्दांकडेही पुन्हा पाहावे लागेल. उपचार सुरू होतात ते निदानानंतर, आणि प्रसाराचा मोठा भाग तोवर घडून गेलेला असतो. अनेक देशांतील सर्वेक्षणांत ज्यांच्या थुंकीत जंतू सापडले, त्यांपैकी सुमारे निम्म्या लोकांनी लक्षणांची तक्रारच केलेली नव्हती. ते आपणहून दवाखान्यात येणार नाहीत. म्हणून त्यांना शोधण्यासाठी लक्षणांची वाट न पाहता छातीचा एक्स-रे काढत वस्तीवस्तीत जावे लागते, आणि अशी किती तपासणी किती वर्षे करावी लागेल, हे ठरवण्यासाठीच आज ही प्रारूपे वापरली जातात.