अमेरिकेत फँटसी स्पोर्ट्स (खऱ्या खेळाडूंचा काल्पनिक संघ निवडून खेळायच्या) स्पर्धा चालवायला एकच देशव्यापी परवाना पुरतो का?

नाही, असा देशव्यापी परवाना अस्तित्वातच नाही, आणि प्रवेशशुल्क घेऊन स्पर्धा भरवायची असेल तर प्रत्येक राज्याचा कायदा स्वतंत्रपणे पाळावा लागतो. गैरसमज बहुधा २००६ च्या संघीय कायद्यामुळे होतो. ऑनलाइन जुगाराचे आर्थिक व्यवहार रोखणाऱ्या त्या कायद्याने, बक्षिसे आधीच जाहीर केलेली असतील आणि निकाल स्पर्धकाच्या कौशल्यावर व अनेक सामन्यांतील खेळाडूंच्या आकडेवारीवर ठरत असेल, तर फँटसी स्पर्धांना सूट दिली. पण राज्यांच्या जुगारविषयक कायद्यांना हात लावला नाही, आणि नेमका हाच भाग अर्जदारांच्या नजरेतून सुटतो. नेव्हाडाने २०१५ मध्ये या स्पर्धांना जुगार ठरवून त्याचाच परवाना बंधनकारक केला. याउलट २०१६ मध्ये व्हर्जिनियाने खास कायदा करून नोंदणीसाठी ५०,००० डॉलर शुल्क ठेवले, तर न्यूयॉर्कने नोंदणीसोबत राज्यातून मिळणाऱ्या महसुलावर १५ टक्के कर लावला. स्पर्धकाचे किमान वयही सारखे नाही: न्यूयॉर्कमध्ये १८, मॅसॅच्युसेट्समध्ये २१. प्रवेशशुल्कच नसलेल्या स्पर्धा मात्र सर्वसाधारणपणे या नियमांच्या कक्षेत येत नाहीत.