सासूबाईंना उठता येईना असा सोफा आणि कच्च्या चिठ्ठीवरचा पलंग

शिरपूरच्या एका शिक्षिका ताईंचं पत्र आलं आहे. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेक सुरतेहून माहेरी येणार, म्हणून त्यांनी जळगावच्या एका फर्निचरच्या दुकानातून सोफा आणि बॉक्स पलंग घेतला. घरात 74 वर्षांच्या सासूबाई आहेत, त्यांचे दोन्ही गुडघे दुखरे. 'उंच आणि कडक बैठक हवी, आजींना एकट्याने उठता आलं पाहिजे,' असं ताईंनी दुकानदाराला व्हॉट्सअ‍ॅपवर लिहिलं होतं. त्याचा आवाजी निरोप आला, की चाळीस डेन्सिटीचा फोम टाकतो, शोरूममधल्या नगासारखाच बनवून देतो. शोरूममधल्या त्या सोफ्याचा फोटो ताईंनी तेव्हाच लेकीला पाठवला होता.

सोफा 42,000 रुपयांचा, त्याचं पक्कं बिल आहे. पलंग 31,000 चा. 'साग शे ताई, पक्का साग,' असं सांगून दिला आणि पक्कं बिल मागितल्यावर 'मग अठरा टक्के वर पडतील' म्हणून साध्या कागदावर '1 पलंग साग' अशी चिठ्ठी हातात ठेवली. त्यावर दुकानाचं नाव नाही. 20,000 यूपीआयने दिले, 11,000 रोख.

घरी आलेल्या सोफ्याची बैठक 15 इंचांवर आहे, शोरूममधली 18 ची होती. दीड महिन्यात मधोमध खड्डा पडला. सासूबाईंना उठवायला दोघी लागतात. पावसाळा सुरू झाला तशी पलंगाची खिडकीकडची कड फुगली, आतून भुसा दिसू लागला आणि झाकण उचलायच्या हायड्रॉलिकचे स्क्रू उपटून आले. सोफ्याची तक्रार ताईंनी बाराव्या दिवशीच लिहून पाठवली होती. दुकानातून एक मुलगा आला, फोमची एक शीट आत सरकवून गेला. आता उत्तर मिळतं: 'बसून बसून सवय होईल. आणि बिलावर छापलंय, विकलेला माल परत घेतला जाणार नाही, न्यायकक्षा जळगाव.' ओळखीचा सुतार 3,000 रुपयांत पलंग नीट करून द्यायला तयार आहे.

ताई विचारतात, 'सोफा बसायला अवघड आहे ही काय कोर्टात सांगायची गोष्ट आहे का? आणि पलंगाचं तर बिलच नाही.'

ताई, आधी सुताराला थांबवा. पलंगाला आज एक खिळाही मारू देऊ नका. एकदा बाहेरच्या माणसाचा हात लागला की 'आमचा माल चांगला होता, यांच्या सुताराने बिघडवला' हे दुकानदाराचं पहिलं वाक्य असेल, आणि ते खोडून काढायला तुमच्या हातात काही उरणार नाही.

आता तुमचा मुख्य प्रश्न. संकोच तुमच्या पत्राच्या ओळीओळीत दिसतो, म्हणून स्पष्ट सांगते. नुसतं 'बसायला बरं वाटत नाही' यावर कायदा पैसे परत देत नाही. दुकानात बघून, बसून घेतलेली वस्तू घरी आल्यावर आवडली नाही, रंग भिंतीला जुळला नाही, पाठीला पटली नाही, तर ती परत करण्याचा हक्क आपल्याकडे नाही. दुकानदाराने स्वतःहून तशी मुदत दिली असेल तर गोष्ट वेगळी. पण तुमचं प्रकरण तसं नाही. तुम्ही खरेदीच्या आधी कारण सांगितलं होतं. कोण बसणार, त्यांना काय त्रास आहे, कशी बैठक लागेल, हे लिहून कळवलं आणि त्याच्या धंद्यातल्या जाणकारीवर विसंबून ऑर्डर दिली. 1930 च्या वस्तू विक्री कायद्याचं कलम 16 नेमकं यासाठी आहे. विकणाऱ्याला गरज सांगितली, त्याच्या कौशल्यावर भरवसा ठेवला आणि वस्तू त्याच्या नेहमीच्या धंद्यातली असली, तर ती त्या गरजेला पुरी पडेल ही अट व्यवहारात आपोआप येते. वेगळी लिहावी लागत नाही. त्यामुळे आजींना उठता न येणं ही घरगुती कुरकुर राहत नाही, ती मोडलेली अट ठरते.

ग्राहक संरक्षण कायदा, 2019 मध्ये 'दोष' या शब्दाची व्याख्याही हेच धरून आहे. कायद्याने, कराराने, किंवा विक्रेत्याने कोणत्याही प्रकारे केलेल्या दाव्याने जो दर्जा राखायला हवा, त्यात उणीव म्हणजे दोष. आवाजी निरोप हा दावाच आहे. 'शोरूममधल्या नगासारखा' हाही दावा, आणि नमुना दाखवून विकलेला माल नमुन्याप्रमाणे असला पाहिजे हे वस्तू विक्री कायद्याच्या कलम 17 मध्ये वेगळं सांगितलं आहे. 18 इंच आणि 15 इंच यातला फरक टेप लावून दाखवता येतो, तिथे कुणाच्या सवयीचा प्रश्नच येत नाही.

म्हणून तुमचा सगळ्यात मोलाचा कागद बिल नाही, ते संभाषण आहे. ते पुसू नका, फोन बदलू नका, बदलायची वेळ आलीच तर आधी बॅकअप घ्या. पूर्ण संभाषण तारखांसकट काढून ठेवा, आवाजी निरोपाची फाइल वेगळी जपा आणि त्याचे शब्द कागदावर उतरवा. सोबत भारतीय साक्ष्य अधिनियम, 2023 च्या कलम 63 खालचं प्रमाणपत्र, म्हणजे ही नोंद याच फोनमधून काढली आहे असं सांगणारा कागद, जोडा. ग्राहक आयोगात पुराव्याचे नियम दिवाणी कोर्टाइतके काटेकोर लावत नाहीत, तरी हा कागद असला की समोरच्याला फाटे फोडता येत नाहीत.

फोमबद्दल एक गोष्ट घरीच करता येईल. चाळीस डेन्सिटी म्हणजे एक घनमीटर फोमचं वजन 40 किलो. गादीच्या खोळीला चेन असेल तर ती उघडून, काहीही न कापता फोम बाहेर काढा, लांबी, रुंदी, जाडी मोजा आणि वजन करा. दोन फूट बाय दोन फूट, पाच इंच जाड तुकडा चाळीसचा असेल तर साधारण 1.9 किलो भरतो. 1.2 किलोच्या आसपास भरला तर तो पंचवीसचा आहे. दुकानातल्या मुलाने नंतर सरकवलेली शीट यात धरू नका, ती वेगळी ठेवा. टेप आणि काटा दोन्ही दिसतील असा व्हिडिओ काढा. डेन्सिटी जास्त म्हणजे बैठक कडकच असते असं मात्र नाही. डेन्सिटीवरून फोम किती टिकेल ते कळतं, कडकपणा निराळा असतो. तुमचा खड्डा दीड महिन्यात पडला, म्हणून हे वजन कामाचं.

पलंगाकडे येते. पक्कं बिल न देणं हीच कायद्याने अनुचित व्यापारी प्रथा आहे, ग्राहक संरक्षण कायद्याच्या कलम 2(47) मध्ये ती नाव घेऊन लिहिली आहे. बिल न देणाराच पुढे 'बिल कुठे आहे' म्हणून सुटू शकत नाही. खरेदी झाली एवढं दुसऱ्या मार्गाने दाखवलं की पुरे. यूपीआयचे 20,000 दुकानाच्या खात्यात गेल्याचं बँकेचं स्टेटमेंट काढा. टेम्पोवाल्याने पलंग आणि सोफा एकाच फेरीत आणला असेल तर ते लिहा. चिठ्ठीवरचं अक्षर दुकानदाराचं असेल तर सोफ्याच्या बिलावरचं हस्ताक्षर शेजारी ठेवून आयोगाला दाखवता येईल. रोख 11,000 चं काम थोडं अवघड आहे. त्यासाठी व्हॉट्सअ‍ॅपवर साधा, भांडण नसलेला निरोप पाठवा: 'पलंगाचे एकूण 31,000 दिले आहेत, त्यातले 11,000 रोख, त्याचं बिल अजून मिळालं नाही.' तो गप्प राहिला तरी तुमचं म्हणणं तक्रारीआधीचं, तारखेसकट नोंदलं जातं. आणि ताई, रागावून म्हणत नाही, पण अठरा टक्के वाचवायला कच्ची चिठ्ठी घेणं आपल्याकडे इतकं अंगवळणी पडलं आहे, की सगळ्यात जास्त भांडणं तिथेच अडकतात.

'खान्देशातलं ऊन आणि मग पावसाळा, लाकूड हलणारच,' असं तो म्हणेल. अस्सल लाकूड हवेप्रमाणे थोडं आकसतं, थोडं फुगतं, हे खरं. मे महिन्यात आपल्याकडे पारा 45 च्या वर जातो, तेव्हा जुन्या सागवानी दारांनाही फटी पडतात. पण सागाची कड फुगून भुसा सांडत नाही. भुसा आणि चिपा पार्टिकल बोर्डातून, म्हणजे भुसा चिकटवून, दाबून केलेल्या फळीतून निघतात. पाणी प्यालं की त्याची कड सुजते आणि स्क्रू धरायची ताकद जाते. तुमच्याकडे दोन्ही झालं आहे. पलंगाच्या खालच्या, पॉलिश न केलेल्या बाजूला जिथे कापलेली कड दिसते तिथला जवळून फोटो घ्या. अस्सल लाकडात रेषा आरपार जातात, बोर्डात दाणे दिसतात. उपटलेले स्क्रू आणि सांडलेला भुसा एका पिशवीत घालून तारीख लिहून ठेवा. ओलाव्याचा मुद्दा तो तुमच्यावर ढकलेल, 'खिडकी उघडी ठेवली' म्हणेल. त्यावर तुमचं उत्तर एकच ठेवा: साग म्हणून विकला, तो साग नाही. वर्णन देऊन विकलेली वस्तू त्या वर्णनाची नसेल, तर ती कशाने फुगली हा वाद दुय्यम ठरतो.

बिलावर छापलेल्या दोन ओळींना घाबरू नका. सदोष माल परत घ्यायला आणि पैसे द्यायला नकार देणं, बिलात मुदत दिली असेल तर त्या मुदतीत आणि दिली नसेल तर 30 दिवसांत, हीसुद्धा त्याच कलमात अनुचित प्रथा म्हणून आहे. 'माल परत नाही' हे वाक्य चांगल्या मालाबाबत चालेल, सदोष मालाबाबत नाही. तुमची पहिली तक्रार बाराव्या दिवसाची आहे, ती तारीख सोन्यासारखी जपा. मुलगा पाठवून शीट सरकवली, म्हणजे बैठक नीट नाही हे त्याने कृतीने मान्यही केलं. न्यायकक्षेचं म्हणाल तर कलम 34 प्रमाणे ग्राहक जिथे राहतो किंवा नोकरी करतो तिथल्या जिल्हा आयोगात तक्रार करता येते. हा हक्क कायद्याने दिलेला आहे, बिलबुकातल्या ओळीने तो जात नाही. तुमची तक्रार धुळ्याच्या जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगात लागेल. शाळा सोडून दर तारखेला पन्नासेक किलोमीटर जाणं जमत नसेल, तर व्हिडिओवरून सुनावणीसाठी अर्ज करण्याची सोय कलम 38 मध्ये आहे.

फी लागत नाही. जिल्हा आयोगाचा अधिकार आणि फी आता तुम्ही मोजलेल्या किमतीवर ठरते, मागितलेल्या भरपाईवर नाही. 5 लाखांपर्यंतच्या खरेदीला फी शून्य आहे, तुमची 73,000 ची आहे. वकील सक्तीचा नाही, तक्रार मराठीत चालते, ऑनलाइनही दाखल होते. मुदत दोन वर्षांची आहे, पण इतकं थांबू नका. मालाची तपासणी लागणार नसेल तर तीन महिन्यांत आणि लागणार असेल तर पाच महिन्यांत निकाल द्यावा असं कायदा म्हणतो. प्रत्यक्षात वेळ याहून जास्त लागतो, तेवढी मनाची तयारी ठेवा.

तक्रारीआधी एक नोटीस पाठवा. ती बंधनकारक नाही, पण पुष्कळ प्रकरणं तिथेच मिटतात. एक पान पुरे. काय घेतलं, तुम्ही काय सांगितलं होतं, त्याने काय कबूल केलं, काय आलं, कधी तक्रार केली, आणि 15 दिवसांत काय हवं. स्पीड पोस्टाने पाठवा, पावती आणि पोहोचल्याची नोंद जपा. दरम्यान 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली तर तिचा क्रमांक नोटिशीत लिहा.

मागणी आटोपशीर ठेवा, हे माझं कळकळीचं सांगणं आहे. पलंगाचे 31,000 व्याजासह परत. सोफा 18 इंच बैठकीचा, कबूल केलेल्या फोमचा बदलून, नाहीतर त्याचे 42,000 परत. शारीरिक-मानसिक त्रासाचे आणि खर्चाचे वाजवी पैसे. कुणीतरी 'पाच लाख मागा' असा सल्ला देईल, तो ऐकू नका. मोघम, फुगवलेला आकडा पाहिला की खऱ्या तक्रारीचंही वजन कमी होतं. आजींच्या त्रासासाठी डॉक्टरांचा कागद लावणार असाल तर तो सावधपणे लावा. गुडघे आधीपासून दुखतात हे तुम्हीच लिहून दिलं आहे, तेव्हा 'सोफ्यामुळे गुडघे गेले' असा दावा टिकणार नाही. 'गुडघे दुखतात म्हणूनच विशिष्ट बैठक मागितली होती, ती दिली नाही' हा टिकेल. पलंग साग नाही याबद्दल त्याने वाद घातला तर तपासणीची मागणी तक्रारीतच करा. तपासणीचा खर्च आधी तुम्हाला भरावा लागेल, निकालात तो मागून घ्या.

तो तडजोडीला आला तर दार बंद करू नका. आयोगातही दोघांची तयारी असेल तर मध्यस्थीची सोय आहे. सोफा खरोखर मापाचा बदलून देत असेल तर आजींना लवकर नीट बसता येईल, हा फायदा निकालापेक्षा मोठा आहे. 'पैसे नाही, दुकानातून दुसरं काही घ्या' हे मात्र मान्य करायची सक्ती तुमच्यावर नाही.

आणि एक दिवस टेम्पो दारात येईल. 'ताई, नेतो, दुरुस्त करून आणतो.' आनंदाने लगेच माल देऊ नका. नाकारलेला माल दुकानापर्यंत पोचवायची जबाबदारी कायद्याने तुमची नाही, नाकारल्याचं कळवलं की पुरे. न्यायचाच असेल तर आधी सगळीकडून फोटो, मग दुकानाच्या शिक्क्याचा कागद: कोणता नग, कशासाठी, कधी परत, आणि नाही आणला तर किती पैसे. त्यावर सही झाल्याशिवाय पलंग घराबाहेर पडू देऊ नका. तो पलंगच तुमचा साक्षीदार आहे. तोवर फुगलेल्या बाजूवर कुणाला झोपू देऊ नका, आणि आजींना जेवणाच्या टेबलाची उंच, हातांची खुर्ची असेल तर ती हॉलमध्ये आणून ठेवा.