शाळा सुटली, तरी मैदान सुटू नये
वाचकांचे प्रश्न : बौद्धिक दिव्यांग मुलांचे आणि मोठ्यांचे खेळगट

प्रश्न : मुलगा 19 वर्षांचा आहे, डाऊन सिंड्रोम आहे. अठरा पूर्ण झाली आणि विशेष शाळा संपली. वर्षभर घरी बसून वजन वाढलंय. आसपास आमच्यासारखी सहा घरं आहेत. आपणच खेळाचा गट काढावा असं ठरतंय, पण सुरुवात कुठून करायची? – एक पालक, सांगली

सहा घरं म्हणजे गट तयारच आहे. नाव, नोंदणी, टी-शर्ट हे सगळं नंतर. आधी वार, वेळ आणि जागा ठरवा आणि त्यात बदल करू नका. आठवड्यातून दोनदा, एकेक तास पुरे. असे गट मोडतात ते बहुतेकदा पैशांपायी नाही. आज शाळेचं मैदान, परवा बाग, पुढच्या वेळी ‘पाऊस आहे, बघू’ असं झालं की मोडतात. नेहमीचा क्रम बदलला की यातली बरीच मुलं बिथरतात, घराबाहेर पडायलाच नकार देतात. म्हणून पावसाळ्यासाठी समाजमंदिराचा हॉल किंवा शाळेची लांब पडवी आत्ताच मागून ठेवा.

तासाचा क्रमही दर वेळी तोच हवा : दहा मिनिटं चालणं आणि अंग मोकळं करणं, पस्तीस मिनिटं खेळ, शेवटी सावकाश चालणं आणि टाळ्या. मधे दर पंधरा मिनिटांनी सगळ्यांना पाणी. तहान लागली हे अनेकांना सांगता येत नाही, शिवाय काही औषधांनी घामही कमी येतो, त्यामुळे उन्हाचा त्रास चटकन होतो. चालणं, चेंडू, पाणी, टाळ्या अशी चार चित्रं एका पुठ्ठ्यावर लावा. एकेक गोष्ट संपली की ते चित्र उलटं करायचं. ‘आता किती राहिलं?’ हा प्रश्न त्यामुळे निम्मा मिटतो.

चार खेळाडूंमागे एक मोठा माणूस धरा. पालकांनी पाळ्या लावाव्यात, पण स्वतःच्या मुलाला शिकवू नये. आईसमोर मूल एक तर हट्ट करतं, नाही तर हात पुढे करून थांबतं. मुलांची अदलाबदल करा. बहीण-भाऊ, शेजारची त्याच वयाची मुलं यांनाही आणा, पण मदतनीस म्हणून नव्हे, संघातले जोडीदार म्हणून.

सुरुवातीला खेळ म्हणून आम्ही बोची सुचवू. धावपळ नाही, धक्काबुक्की नाही आणि पंधरा वर्षांचा पन्नाशीच्या माणसाबरोबर खेळू शकतो. मैदान 60 फूट लांब, 12 फूट रुंद. चुन्याच्या रेषा चालतात. मुरूम दाबून सपाट केलेली जागा उत्तम. दोन रंगांचे चार-चार मोठे चेंडू आणि पॅलिना नावाचा एक छोटा. आपला चेंडू पॅलिनाच्या जास्तीत जास्त जवळ न्यायचा, एवढाच खेळ. खरा संच महाग वाटला तर काही महिने जड, भरीव रबरी चेंडू वापरा. टेनिसचा चेंडू घेऊ नका. तो उडतो, जिथे जावा तिथे थांबत नाही आणि मूल कंटाळतं. वजन कमी करायचं तर बोचीच्या जोडीला रोजचं भरभर चालणं मात्र हवंच.

प्रश्न : विशेष शाळेत क्रीडाशिक्षक आहे. बोचीचा चेंडू सरपटत सोडायचा हे कितीदा सांगितलं, तरी मुलं तो वरून भिरकावतात. काय चुकतंय? – एक शिक्षक, नाशिक

बहुधा सांगणंच जास्त होतंय. ‘अरे, जोरात नको टाकू, खाली वाक, समोर बघ’ यात तीन सूचना आहेत आणि त्यातला ‘जोरात’ तेवढा कानात राहतो. ‘हळू. जमिनीवर.’ बस. मग तोंड बंद ठेवून दहा सेकंद थांबा. कळायला वेळ लागतोय आणि आपण तेवढ्यात दुसरी सूचना देतो; पहिली तिथेच पुसली जाते. एका खेळाडूशी एकानेच बोलायचं, बाकीच्यांनी गप्प.

शिकवताना खेळाचे तुकडे करा. पहिले दोन दिवस चेंडूच नको. रेषेमागे चुन्याने दोन पावलं काढा, त्यावर उभं राहायची सवय लावा. मग रिकामा हात घड्याळाच्या लंबकासारखा मागे-पुढे. त्यानंतर चेंडू हातात, गुडघे वाकवून, दोन मीटरवर साधारण दोन फुटांच्या अंतराने ठेवलेल्या दोन बाटल्यांमधून सरपटत सोडणं. दहापैकी आठदा जमलं की अंतर तीन मीटर, मग पाच. न जमता पुढे गेलात की मूल लांब पोचवायच्या नादात पुन्हा वरून भिरकावतं. तुमच्याकडे हेच झालं असावं.

हात धरून करून घ्यावं लागलं तरी हरकत नाही, पण ती मदत उतरत्या क्रमाने काढा : आधी पूर्ण हात धरणं, मग कोपराला नुसता स्पर्श, मग खूण, मग काहीच नाही.

पाळी हे दुसरं कठीण प्रकरण. ज्याचा चेंडू पॅलिनापासून लांब, त्या संघाने टाकायचं, हा नियम भल्याभल्यांना गोंधळात पाडतो. पहिला महिनाभर आलटून-पालटून खेळा. नंतर पंचाच्या हातात दोन रंगांच्या झेंड्या द्या; ज्या रंगाची वर, त्याची पाळी. अंतर दोरीने मोजून मुलांना दाखवा, नुसतं जाहीर करू नका.

प्रश्न : गटातल्या एकाला फिट येते, दोघांना डाऊन सिंड्रोम आहे. खेळवणं धोक्याचं आहे का? – स्वयंसेवक, ठाणे

न खेळवणंही धोक्याचंच आहे. पण सुरू करण्याआधी डॉक्टरी तपासणी झालीच पाहिजे. डाऊन सिंड्रोम असलेल्या जवळपास निम्म्या बाळांना जन्मतः हृदयाचा दोष असतो, तेव्हा हृदयाचे जुने कागद मागून घ्या. दुसरं, मानेच्या वरच्या दोन मणक्यांमधला सांधा सैल असू शकतो. डॉक्टरांनी मान तपासून मोकळीक देईपर्यंत कोलांटउड्या, पाण्यात सूर मारणं, उंच उडी, चेंडू डोक्याने मारणं बंद, आणि कबड्डीची पकडसुद्धा. मान दुखणं, चाल बदलणं, हातातून वस्तू पडायला लागणं, लघवीवरचा ताबा सुटणं यातलं काहीही दिसलं तर खेळ त्याच क्षणी थांबवा आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

फिट येणाऱ्याला बहुतेक खेळ खेळता येतात. गोळी चुकलेली नाही ना, एवढं दर वेळी विचारा. पोहताना मात्र त्याच्यावरच नजर ठेवणारा एक माणूस पाण्यात हवा. फिट आली तर आधी घड्याळ बघा, डोक्याखाली मऊ काही सरकवा आणि कुशीवर वळवा. कांदा, चप्पल नाकाला लावणं नाही, दातांत चमचा नाही, हातपाय दाबणं नाही, पूर्ण शुद्ध येईपर्यंत पाणीही नाही. पाच मिनिटांत थांबली नाही किंवा लागोपाठ दुसरी आली तर 108ला फोन.

प्रश्न : मुलीला डिस्लेक्सिया आहे. तिला अशा गटात घालू का? – एक आई, पुणे

नको. डिस्लेक्सिया ही वाचन-लेखनातली अध्ययन अक्षमता आहे; ती आणि बौद्धिक दिव्यांगता या वेगवेगळ्या गोष्टी आहेत. तिने नेहमीच्या क्लबात खेळावं. डावा-उजवा गोंधळ होत असेल तर प्रशिक्षकाने बोलण्याऐवजी करून दाखवावं.

प्रश्न : स्पेशल ऑलिम्पिक्स आणि पॅरालिम्पिक एकच का? हळू धावणाऱ्यालाही संधी मिळते का? – एक वाचक, नागपूर

एकच नाहीत. पॅरालिम्पिकमध्ये पात्रता गाठणारे अव्वल खेळाडू उतरतात. बौद्धिक दिव्यांगांसाठी तिथे मोजकेच प्रकार आहेत. तेही 2000च्या सिडनी स्पर्धेत स्पेनच्या बास्केटबॉल संघात दिव्यांग नसलेले खेळाडू निघाल्यानंतर बंद झाले आणि 2012ला लंडनमध्ये परत आले. स्पेशल ऑलिम्पिक्स हे बौद्धिक दिव्यांगांसाठीच आहे, ते 1968 साली शिकागोत सुरू झालं. तिथे आठ वर्षांपासून पुढे कोणत्याही वयात भाग घेता येतो आणि प्राथमिक फेरीतल्या वेळेवरून जवळपास सारख्या क्षमतेचे तीन ते आठ खेळाडू एका गटात घालतात. त्यामुळे 100 मीटरला तीस सेकंद घेणाऱ्याची शर्यतही तेवढीच चुरशीची होते. सोपा गट मिळावा म्हणून ‘प्राथमिकला हळू धाव’ असं मुलाला चुकूनही शिकवू नका. अंतिम फेरीत वेळ फारच सुधारली तर तो बाद होऊ शकतो आणि आपण का बाद झालो हे त्याला कधीच कळत नाही.

आपल्याकडे हे काम स्पेशल ऑलिम्पिक्स भारतच्या राज्य शाखा पाहतात. दिव्यांग प्रमाणपत्र किंवा यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र), वैद्यकीय अर्ज आणि पालकांचं संमतिपत्र यांच्या प्रती एका फाइलमध्ये कायम तयार ठेवा. स्पर्धेला जाताना रेल्वेच्या स्लीपर आणि थ्री-टायर एसीत खेळाडूला आणि सोबतच्या एकाला 75 टक्के सवलत मिळते. त्याचं रेल्वेचं कार्ड आधी काढावं लागतं, ऐनवेळी होत नाही.

प्रश्न : बहीण 26 वर्षांची आहे, खेळायला फार उत्सुक. पण आई तिला एकटी पाठवायला घाबरते. – एक वाचक, मडगाव

आईची भीती रास्त आहे, आणि तिचं उत्तर बहिणीला घरी ठेवणं हे नव्हे. गटाला प्रश्न विचारा. सरावाला नेहमी किमान दोन मोठी माणसं असतात का, त्यात एक बाई असते का? कपडे बदलायला, स्वच्छतागृहात मदत कोण करतं, ते नावानिशी ठरलंय का? घरी सोडायला कोणी एकटा नेत नाही ना? फोटो कुठे टाकतात, कोणाला विचारून? नीट उत्तरं मिळाली नाहीत तर दुसरा गट शोधा. पहिले चार सराव आईने मैदानावर बसून बघावेत, पाचव्यापासून फाटकाबाहेर थांबावं. बॅगेत पाण्याची बाटली, जास्तीचा ड्रेस, सॅनिटरी पॅड आणि घरच्या दोन फोन नंबरांचं कार्ड असू द्या. बॅग मात्र बहिणीनेच भरायची, आईने नाही.